ज्ञानभांडारातील सीडी आणि त्यांचे पडिलेहण

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर कर्मसिद्धान्त, अनेकान्त, सामायिक, आहारशुद्धी अशा विषयांवर विद्वानांनी आपले विचार मांडले. त्या मालिकेत माझा विषय थोडा विजोड वाटेल. मी बोलणार आहे ते ट्रस्टच्या कार्यालयातील लोखंडी कपाटाच्या खालच्या दोन कप्प्यांविषयी. तेथे साधारण १९९९ ते २०१२ या काळातील सीडी आणि डीव्हीडी ठेवलेल्या आहेत. चातुर्मासातील प्रवचने, प्रतिष्ठा महोत्सव, दीक्षा समारंभ, तपस्वींचे वरघोडे, पाठशाळेतील मुलांची नाटके, आणि आज आपल्यात नसलेल्या काही ज्येष्ठांच्या मुलाखती त्यांत आहेत. पन्नास वर्षांच्या वाटचालीतला जवळजवळ पाव हिस्सा या तबकड्यांवर आहे. त्यांतील बऱ्याच ध्वनिमुद्रणांची दुसरी प्रत कोठेही नाही. म्हणून हा विषय महोत्सवी वर्षातच बोलून घ्यावा असे वाटले.

आपल्या परंपरेला ज्ञानसाधनांच्या नाशाची जाणीव फार जुनी आहे. श्रुत मुखोद्गत होते तोवर त्याला वाळवीचे भय नव्हते, पण दुष्काळाचे होते. दीर्घ दुष्काळांनी साधुसंघ विखुरला, स्मरणशक्ती क्षीण झाली आणि दृष्टिवाद हे बारावे अंग लुप्त झाले. श्वेतांबर परंपरेनुसार वीरनिर्वाणानंतर ९८० व्या वर्षी वलभी येथे देवर्धिगणी क्षमाश्रमणांच्या नेतृत्वाखाली आगम ग्रंथारूढ झाले. दिगंबर परंपरेत गिरनारच्या चंद्रगुंफेत धरसेनाचार्यांनी आपले ज्ञान आपल्याबरोबरच संपेल या चिंतेने पुष्पदंत आणि भूतबली या दोन मुनींना बोलावून घेतले आणि त्यातून षट्खंडागमाची रचना झाली. एका बाजूला ज्ञानपंचमी आणि दुसऱ्या बाजूला श्रुतपंचमी. दोन्ही तिथींच्या मागे एकच काळजी आहे: जे आज एका माणसापाशी आहे, ते उद्या कोणापाशी असेल?

लिहून ठेवल्यावरही काळजी संपली नाही. धवला, जयधवला आणि महाबंध यांच्या ताडपत्री प्रती कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके बंदिस्त होत्या. दर्शन मिळे, वाचन मिळत नसे. सोलापूरचे हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासारख्या श्रावकांनी त्यांच्या नकला व्हाव्यात म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खटपट केली. पुढे १९३९ साली आपल्याच महाराष्ट्रातील अमरावती येथून डॉ. हिरालाल जैन यांनी धवलेचा पहिला खंड मुद्रित स्वरूपात प्रसिद्ध केला. तरीही मधल्या काळात मूळ महाबंधाची काही पाने कीड आणि झीज यांनी गेली ती गेलीच. ही हकिकत कानी आल्यावर चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज व्यथित झाले आणि त्यांच्या प्रेरणेने हे सिद्धान्तग्रंथ ताम्रपत्रांवर कोरून घेण्यात आले. ती ताम्रपत्रे फलटण येथे आहेत. पालिताण्याच्या आगममंदिरात संगमरवरावर आणि सुरतेच्या आगममंदिरात तांब्यावर आगम कोरले गेले, तेही याच विवेकाने.

मात्र ताम्रपत्रावर एक तासाचे प्रवचन मावत नाही. आवाज तर मुळीच मावत नाही. आवाजासाठी आपल्या पिढीने जे साधन निवडले ते म्हणजे प्लास्टिकची तबकडी, आणि ती निवडताना तिच्या आयुष्याचा विचार फारच थोड्यांनी केला. त्या काळी दुकानदार सांगे, "कॅसेट खराब होते, सीडी शंभर वर्षे टिकते." बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत पन्नास कोऱ्या सीडींची उभी डबी घ्यायची, संगणकावर लिहून काढायच्या, वर स्केचपेनने नाव घालायचे आणि कपाटात ठेवून निर्धास्त व्हायचे, अशी सर्वांचीच रीत होती. उत्पादकही शंभर वर्षांचे दावे करीत असत. ते दावे अगदीच खोटे नव्हते. प्रयोगशाळेत तबकडी काही आठवडे तीव्र उष्णतेत व दमटपणात ठेवून, तिची झीज मोजून, त्यावरून सामान्य तापमानातील आयुष्याचा हिशेब मांडला जाई. त्या हिशेबातील सामान्य तापमान आणि पुण्यातील मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालच्या खोलीचे तापमान यांत मात्र फार अंतर आहे.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. बाजारात मिळणारी गाण्यांची किंवा चित्रपटाची सीडी आणि आपण घरी लिहिलेली सीडी या दिसायला सारख्या असल्या तरी जातीने वेगळ्या. कारखान्यातील सीडीवर साच्याने दाब देऊन सूक्ष्म खाचा उमटवतात. शिलालेखाप्रमाणे मजकूर तेथे आकारातच असतो. कोऱ्या सीडीमध्ये अशा खाचा नसतात. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्याचा एक अतिशय पातळ थर असतो. लेखन करताना लेझर किरण त्या रंगाला जागोजागी तापवून बदलतो आणि ते डागाळलेले व न डागाळलेले भाग म्हणजे आपला मजकूर. तात्पर्य, आपल्या कपाटातील प्रवचने कोरलेली नाहीत, रंगवलेली आहेत, आणि रंग उडतो हे साडी उन्हात वाळवणाऱ्या कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे.

तबकडीची रचना थोडी समजावून घेऊ. तिचा व्यास १२० मिलिमीटर, जाडी १.२ मिलिमीटर. त्यातील जवळजवळ सर्व जाडी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची. त्यावर रंगद्रव्याचा थर, त्यावर प्रकाश परतवणारा धातूचा थर, त्यावर लाखेसारख्या पदार्थाचा पातळ लेप, आणि वर छापील नाव. म्हणजे मजकूर चकचकीत बाजूपासून दूर आणि नावाच्या बाजूला अगदी लगत असतो. आपण सगळे चकचकीत बाजू जपतो, तिच्यावर बोट लागू देत नाही, आणि नावाची बाजू खाली करून टेबलावर सरकवतो. प्रत्यक्षात सीडीच्या बाबतीत अधिक धोका नावाच्या बाजूला आहे. खालचा ओरखडा पुष्कळदा पुसता किंवा घासून बुजवता येतो. वरचा ओरखडा लेप फाडून धातूपर्यंत गेला की तेथला मजकूर कायमचा गेला. डीव्हीडीमध्ये ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून मधोमध मजकूर ठेवलेला असतो, त्यामुळे ती या बाबतीत अधिक सुरक्षित. पण तिच्यात मजकूर अधिक दाट असतो आणि मधला चिकटवणीचा थर हीच तिची दुखरी जागा होते.

धातूचा थर बहुधा चांदीचा असतो. आपल्या देरासरातील चांदीची भांडी पावसाळ्यात काळवंडतात तीच क्रिया येथे होते. हवेतील गंधकाची संयुगे चांदीला लागली की ती काळी पडते. भांडे आपण पावडरने घासतो, सीडीच्या आतली चांदी कशी घासणार? इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात १९८८ ते १९९३ या काळात तयार झालेल्या अनेक सीडी कडेकडून तांबूस-तपकिरी होत गेल्या. त्यांचा लेप गंधकाला रोखण्यास अपुरा होता आणि गंधक आले होते सोबतच्या छापील कागदातून. म्हणजे जपणुकीसाठी दिलेले वेष्टनच घातक ठरले. यावर उपाय म्हणून सोन्याचा थर असलेल्या तबकड्या निघाल्या, कारण सोने काळे पडत नाही. त्या महाग होत्या आणि आपल्याकडे कोणी त्या वापरल्याचे मला आढळले नाही.

रंगद्रव्येही तीन प्रकारची. सायनिन हे सर्वांत जुने. जपानच्या तैयो युडेन कंपनीने १९८८ मध्ये पहिली लिहिता येणारी सीडी तयार केली ती याच रंगावर. याला उजेड सोसत नाही. दुसरे अ‍ॅझो, गडद निळ्या रंगाचे. तिसरे थॅलोसायनिन, फिकट हिरवट आणि तिन्हींत स्थिर. अमेरिकेतील राष्ट्रीय मानके संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत थॅलोसायनिन रंग आणि सोने-चांदीच्या मिश्रणाचा थर असलेल्या सीडी सर्वांत चांगल्या टिकल्या. गंमत अशी की वेष्टनावर यातील काहीच छापलेले नसे. एकाच नावाच्या डबीत आज एका कारखान्याची, उद्या दुसऱ्या कारखान्याची तबकडी येई. भारतातील मोझर बेअर ही कंपनी एके काळी जगातील अग्रगण्य तबकडी उत्पादकांपैकी होती आणि स्वस्त दरातील मराठी चित्रपटही तिच्यामुळेच अनेकांच्या घरी पोहोचले. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अवसायनात निघाली. तैयो युडेनने २०१५ अखेर हा व्यवसाय सोडला. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. ज्या वस्तूला आपण चिरंतन समजलो तिचा संपूर्ण बाजार पंचवीस-तीस वर्षांत उगवला आणि मावळतीला लागला.

आता पुण्याचे हवामान. वर उल्लेख केलेल्या अमेरिकी संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शिकेत तबकड्यांसाठी ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के आर्द्रता सुचवली आहे. पुण्यात मे महिन्यात पारा चाळिशीच्या आसपास जातो आणि जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या पुढे असते. तबकडीला त्रास होतो तो या चढउताराचाही. उष्णतेने प्लास्टिक, धातू आणि लेप वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. ओलावा कडेने आत शिरतो. बुरशीचेही भय आहे. मध्य अमेरिकेतील बेलीझ या दमट देशातून आणलेल्या एका सीडीचे प्लास्टिक आणि धातू बुरशीने पोखरल्याचे स्पेनमधील संशोधकांनी २००१ मध्ये दाखवून दिले. जैसलमेरच्या तळघरात ताडपत्रे टिकली याचे श्रेय जितके श्रावकांच्या भक्तीला, तितकेच तेथील कोरड्या हवेला आहे. आपल्याकडे ती हवा नाही, म्हणून आपल्या पूर्वजांनी वर्षातून एकदा पोथ्या उघडून, झटकून, हवा दाखवून, वेखंडाच्या पुरचुंड्या बदलून पुन्हा रुमालात बांधण्याची प्रथा ठेवली. ज्ञानपंचमी कार्तिकात, पावसाळा संपल्यानंतर येते, हा योगायोग नव्हे.

तबकडीच्या बाबतीत मात्र एक गोष्ट पोथीपेक्षा फार वेगळी आहे आणि आजच्या माझ्या बोलण्यातील ती सर्वांत महत्त्वाची. पोथी खराब होऊ लागली की दिसते. कड तुटते, शाई फिकी होते, भोक पडते. सीडी दिसू देत नाही. तिच्यात मजकुराबरोबर जास्तीची अंकमाहिती गुंफलेली असते. काही अंश वाचला गेला नाही तरी उरलेल्यावरून यंत्र तो गणिताने भरून काढते. सुमारे अडीच मिलिमीटर लांबीचा व्रणही ते पूर्णपणे सावरू शकते. तबकडी नवी असतानासुद्धा थोड्या चुका असतातच. मानकानुसार सेकंदाला सरासरी २२० सदोष गट चालतात. वर्षानुवर्षे रंग विटत जातो, चुका वाढत जातात, यंत्र त्या निमूटपणे दुरुस्त करीत राहते आणि आपल्याला प्रवचन स्वच्छ ऐकू येते. मग एके दिवशी मर्यादा ओलांडली जाते आणि काल चाललेली सीडी आज चालत नाही. "अहो, गेल्या पर्युषणात तर लावली होती!" हे वाक्य मी अनेक घरांत ऐकले आहे. ते खरे असते. गेल्या पर्युषणात ती मर्यादेच्या अलीकडे होती.

आणखी एक बारकावा. सीडीचे लेखन मध्यापासून बाहेरच्या कडेकडे जाते. तो सर्पिल मार्ग उलगडला तर पाच किलोमीटरहून लांब भरेल. ओलावा, बोटांचे ठसे आणि घासाघीस यांचा मारा बाहेरच्या कडेवर अधिक, त्यामुळे भरगच्च लिहिलेल्या सीडीत बहुधा शेवटचा भाग आधी जातो. आमच्या कपाटातील काही तबकड्या वाचून पाहताना हेच घडले. प्रवचन सुरळीत चालते आणि शेवटची काही मिनिटे अडखळून थांबतात. प्रवचनाच्या शेवटी असते मांगलिक. ज्या साध्वीजींच्या मुखातून मांगलिक ऐकण्यासाठी लोक सकाळी लांबून येत, त्यांच्या प्रवचनाची सीडी शिल्लक आहे आणि मांगलिक नाही, अशी स्थिती मी पाहिली आहे.

आपण आपल्या हातांनी केलेले काही उपचारही तबकडीला बाधतात. वर चिकटवलेला गोल कागद सुंदर दिसतो, परंतु त्याचा गोंद लेपाशी संयोग पावतो, कागद ओलावा धरतो, आणि तो जरासा एका बाजूला लागला तर वेगाने फिरताना तबकडी थरथरते. तो आता सोलून काढण्याचा प्रयत्न कृपया कोणी करू नये, त्याबरोबर धातूचा थरही निघून येतो. तीव्र वासाच्या मार्करची शाई लेपात मुरते. नाव लिहायचेच तर मध्यभागीच्या पारदर्शक वर्तुळावर, पाण्याच्या शाईने. सीडी एकावर एक आडव्या रचू नयेत, मऊ प्लास्टिकच्या पिशवीत वर्षानुवर्षे ठेवू नयेत, कडक डबीत उभ्या ठेवाव्यात. पुसताना मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसावे, गोल गोल नव्हे. वर्तुळाकार ओरखडा मजकुराच्या ओळीवरूनच धावतो आणि एकाच ठिकाणची लांबलचक माहिती खातो. आडवा ओरखडा अनेक ओळींना थोडा थोडा छेदतो, आणि तो वर सांगितलेल्या गणिताला पेलतो.

समजा तबकडी टिकली. ती वाचणार कशाने? आजच्या बहुतेक लॅपटॉपना सीडीची खाच नाही. बाहेरून जोडायचे यंत्र अजून मिळते, दहा वर्षांनी मिळेलच असे नाही. आणि समजा तेही मिळाले, तरी आतील धारिका उघडली पाहिजे. पुण्यातील छपाईशी ज्यांचा संबंध आला त्यांना हे चांगले ठाऊक आहे. आपल्या रौप्य महोत्सवानंतरच्या सर्व स्मरणिका आणि पाठशाळेची पुस्तके पेजमेकरमध्ये, श्रीलिपी किंवा तत्सम फॉन्टमध्ये जुळवलेली आहेत. श्रीलिपी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकची, आयएसएम पुण्याच्याच सी-डॅकचे. मराठी संगणकावर आणण्याचे फार मोठे काम या मंडळींनी केले. पण युनिकोड सार्वत्रिक होण्यापूर्वी प्रत्येक फॉन्टची अक्षरमांडणी वेगळी होती. तो फॉन्ट नसेल तर 'णमो अरिहंताणं'च्या जागी पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन खच दिसतो. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ सालची. म्हणजे तबकडी शाबूत, धारिका शाबूत आणि तरीही ग्रंथ लुप्त. मोडी वाचणारा न उरल्यावर दप्तरखान्यातील रुमालांचे जे होते, तेच हे. अशा धारिका आजच युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मुद्रितशोधन करून घ्याव्या लागतील. रूपांतराची साधने जोडाक्षरांत, विशेषतः अर्धमागधी गाथांत, फार गोंधळ घालतात. तेथे जाणकार डोळेच हवेत.

कोणी म्हणेल, हे सर्व परदेशी संस्थांचे भय आहे. तसे नाही. युनेस्कोने २००६ मध्येच लिहिता येणाऱ्या सीडी-डीव्हीडींवर अभिलेखागारांनी विसंबू नये, असा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला होता. त्याच सुमारास आपल्याकडे ठिकठिकाणच्या हस्तलिखितांच्या प्रतिमा काढून त्या अशाच तबकड्यांवर साठवल्या जात होत्या. पुढे २०११ पासून पुण्याच्या सी-डॅकमध्ये डिजिटल जतनासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या या शहराने जतनाचे धडे मोठी किंमत देऊन घेतलेले आहेत. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतील किती घरांची कागदपत्रे गेली, ते आजही वडीलधारी माणसे सांगतात. ८ जानेवारी २००३ रोजी राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला आग लागून जुन्या नायट्रेट फिती जळाल्या. ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात तोडफोड झाली. ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्णपंत भांडारकर, पीटरसन अशा विद्वानांनी गुजरात-राजस्थानातून सरकारसाठी मिळवलेली जैन हस्तलिखिते डेक्कन कॉलेजमार्गे याच संस्थेत आली आहेत आणि हिरालाल रसिकदास कापडिया यांनी त्यांची वर्णनात्मक सूची वर्षानुवर्षे खपून तयार केली. पूर, आग आणि दंगा यांना तबकडी, फीत आणि पोथी असा भेद कळत नाही. एकाच छपराखाली असलेली वस्तू कितीही जपली तरी ती एकच.

मग करावे काय? मी या विषयाकडे आपल्याच परिभाषेतून पाहतो. पुद्गलाचा स्वभावच पूरण आणि गलन. जुळणे आणि गळणे. सोन्याची सीडी आणा की हजार वर्षांचा दावा करणारी दगडी थराची नवी तबकडी आणा, गलन थांबत नाही, मंदावते. म्हणून चिरंतन वस्तू शोधण्यात वेळ घालवू नये. आपले साधू-साध्वी रोज दोन वेळा वस्त्र-पात्रांचे पडिलेहण करतात. वस्तू चांगली आहे असे गृहीत न धरता ती हातात घेऊन पाहतात. आपल्याला हेच करायचे आहे. नियमाने पाहणे आणि वेळीच दुसऱ्या देहात उतरवणे.

व्यवहारात याचा अर्थ असा. प्रत्येक तबकडीची जशीच्या तशी पूर्ण प्रतिकृती संगणकावर उतरवून घ्यायची. नुसत्या धारिका ओढून टाकायच्या नाहीत. न वाचणारी तबकडी लगेच टाकून द्यायची नाही. ती दुसऱ्या, तिसऱ्या यंत्रात, कमी वेगाने वाचून पाहायची. एका यंत्राला न दिसलेला भाग दुसऱ्याला दिसतो हा अनुभव आहे. वारंवार वाचून जेवढे हाती लागेल तेवढे गोळा करणारी आज्ञावली मोफत उपलब्ध आहे. उतरवलेल्या प्रत्येक प्रतिकृतीची चेकसम, म्हणजे गणिताने काढलेली ओळखखूण, वहीत आणि संगणकावर नोंदवायची. वर्षाने पुन्हा काढली आणि ती तीच आली तर एक अक्षरही बदललेले नाही, याची खात्री पटते. प्रती किमान तीन: एक कार्यालयात, एक दुसऱ्या प्रकारच्या साधनावर, आणि एक शहराच्या दुसऱ्या भागात किंवा परगावी एखाद्या सहयोगी संघाकडे. हार्ड डिस्कही अमर नाही, पाच-सहा वर्षांनी बदलावी लागते. पेन ड्राइव्हवर तर विसंबूच नये. इंटरनेटवरील साठा सोयीचा, परंतु ते खाते ट्रस्टच्या नावाने असावे. आज अनेक संस्थांचे खाते एखाद्या उत्साही कार्यकर्त्याच्या मोबाईल क्रमांकाशी बांधलेले असते आणि तो नोकरीनिमित्त बंगळूरूला गेला की कुलूप लागते.

खर्चाची चिंता विश्वस्तांच्या चेहऱ्यावर दिसते आहे. एका सीडीत ७०० मेगाबाइट मावतात. हजार सीडी गृहीत धरल्या तरी त्या खिशात मावणाऱ्या एका टेराबाइटच्या हार्ड डिस्कवर बसतात. तीन प्रतींचा खर्च या महोत्सवाच्या मंडपखर्चाच्या मानाने अगदी किरकोळ आहे. लागतात ती माणसे. एक सीडी नीट वाचून, तपासून, नोंदवायला अर्धा तास धरावा. बिघडलेली असेल तर अख्खी दुपार.

एक नाजूक प्रश्नही बोलून टाकतो. आपल्यातील अनेक संतांनी ध्वनिवर्धक किंवा ध्वनिमुद्रण स्वीकारलेले नाही, आणि त्यांच्या मर्यादेचा आदर झालाच पाहिजे. कोणी नकळत केलेले मुद्रण कपाटात सापडले तर त्याचे काय करायचे, हे संबंधित संघाला विचारूनच ठरवावे. तसेच सर्वच जपायचे, असा आग्रह मला मान्य नाही. अपरिग्रह धारिकांनाही लागू आहे. एकाच वरघोड्याच्या सात चित्रफिती ठेवण्याची गरज नाही. परंतु आचार्य आनंदऋषीजी महाराज १९९२ मध्ये तेव्हाच्या अहमदनगर येथे देवलोकवासी झाले, तोवर घरोघरी सीडी लिहिण्याचा काळ आलेलाच नव्हता. त्या पिढीतील संतांचे जे काही आवाज श्रावकांच्या घरी उरले असतील ते फितींवर, किंवा पुढे फितीवरून उतरवलेल्या एखाद्या सीडीवर असणार. अशा सीडीची मूळ फीत अनेकांनी "आता सीडी आली" म्हणून टाकून दिली. तेथे ती डागाळलेली तबकडी हीच मूळ प्रत झाली आहे. आपल्या घरी असे काही असेल तर आधी ते आणावे.

ट्रस्टने संमती दिल्यास येत्या ज्ञानपंचमीपासून ग्रंथालयात दर रविवारी सकाळी दहा ते एक या वेळेत दोन यंत्रे मांडून बसण्याची माझी तयारी आहे. पाठशाळेतील चार-पाच मोठ्या मुलांनी नावे दिली आहेत. त्यांना यंत्र कळते. मला काळजी आहे ती वेगळ्याच गोष्टीची. निम्म्याहून अधिक तबकड्यांवर फक्त "प्रवचन, भाग २" किंवा "चातुर्मास" एवढेच लिहिलेले आहे. कोणाचे, कोणत्या स्थानकात, कोणत्या वर्षीचे, याची नोंद नाही. प्रतिकृती निघेल, तीन ठिकाणी राहील आणि तरी तो आवाज निनावी राहील. ते आवाज ऐकताक्षणी ओळखणाऱ्या तीन-चार श्राविका आपल्या संघात आज आहेत, सर्वजणी ऐंशीच्या पुढच्या. त्यांना जिना चढवत नाही, म्हणून मुलांनी उतरवलेली ध्वनिमुद्रणे त्यांच्या घरी नेऊन ऐकवायची आणि त्या सांगतील तसे नाव, गाव, वर्ष लिहून घ्यायचे, असे ठरवले आहे. यादीतील पहिल्या मातोश्रींनी बुधवारी दुपारी चारनंतर यायला सांगितले आहे.

जय जिनेंद्र.